थोरल्यांचा कोट

१

कोटाचे सात तुकडे माझ्या टेबलावर एकावर एक रचून ठेवले होते. दोन बाह्या, पुढचे दोन भाग, पाठीचे दोन आणि सगळ्यांत वर कॉलर. शेजारी माझ्या चहाच्या बशीत चांदीची नऊ बटणं. इतका व्यवस्थित गुन्हेगार मी जन्मात पाहिला नव्हता.

मी लगेच ओरडले नाही, कारण तोंडात टाचण्या होत्या. एकेक काढून उशीत टोचल्या आणि मग ओरडले.

आमचा बँड म्हणजे दुसऱ्या एका बँडची नक्कल. मूळ बँडचा गायक बावीस वर्षांपूर्वी गेला, वय वर्षं एकोणचाळीस. त्यांना आम्ही सगळे ‘थोरले’ म्हणतो. त्यांची गाणी आता माझा धाकटा भाऊ गातो, म्हणून तो सगळ्यांचाच ‘धाकटा’. तसं त्या दोघांचं नातं काही नाही. पण अठरा वर्षं झाली, माझा भाऊ थोरल्यांसारखा चालतो, थोरल्यांसारखी मान तिरकी करतो, डोक्यावर थोरल्यांच्या केसांचा विग लावतो. विग घातल्याशिवाय रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, अशी त्याच्या बायकोची सक्त ताकीद आहे. आता तो एक्कावन्नचा झालाय. म्हणजे थोरल्यांपेक्षा बारा वर्षांनी थोरला.

बाकीचे कपडे मी शिवते. बघून बघून शिकले. हा निळा मखमली कोट मात्र नक्कल नव्हता. खुद्द थोरल्यांचा. घाम फार यायचा म्हणून अस्तर त्यांनी स्वतःच काढून टाकलं होतं. तो त्यांच्या मोठ्या बहिणीने आम्हाला वापरायला दिला होता, आणि ती बहीण त्या क्षणी वीस पावलांवर, जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसलेली होती.

मोठ्या बाई आज सहीला आल्या होत्या. हे तालमीचं तळघर त्यांचं. गाणी त्यांच्या ताब्यात, बँडचं नावही. पाच वर्षांच्या परवानगीचा कागद त्यांच्या पिशवीत होता आणि त्यात एक अट होती, ‘रूप आणि आवाज मुळाबरहुकूम’. सही पाच वाजता व्हायची होती. ती झाली नाही तर आमच्यापैकी कोणालाच उद्या सकाळी उठून जायला जागा नव्हती.

माझी आरोळी ऐकून त्या आल्या. तुकड्यांवरून हात फिरवला. जिना चढून वर गेल्या, शटर आतून खाली ओढल्याचा खडखडाट झाला, कुलूप लागलं. खाली येऊन पुन्हा खुर्चीत बसल्या. किल्ली मुठीत.

“ज्याने केलं त्याने सांगावं,” त्या म्हणाल्या. “पाचला मी निघणार. सही करून, नाही तर कागद फाडून. तोवर इथून कोणी हलायचं नाही.”

चार वाजले होते. तळघराला खिडकी नाही.

मी बघतेय तर सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या. आमच्या ड्रमरकडे.

२

ड्रमरला आम्ही टोला म्हणतो. बत्तीस वर्षांची, दंड माझ्या मांडीएवढे, जीभ त्याहून दणकट. मूळ बँडचा ड्रमर पुरुष होता, त्यामुळे कार्यक्रमाला तिला मिशी लावावी लागते. ती मीच चिकटवते. त्या दिवशीही रंगीत तालीम म्हणून ती मिशी लावून उभी होती.

“माझ्याकडे काय बघताय?” ती म्हणाली.

“गेल्या आठवड्यात कोण म्हणालं होतं, या कोटाच्या एकदा चिंध्या करायला पाहिजेत?” माझी भावजय म्हणाली. ती बँडची मॅनेजर. “आणि वन्सं, काल तुमचा टाके उसवायचा काटा कोणी मागून नेला होता?”

“चिकटपट्टी कापायला नेला! सकाळी जागेवर ठेवला!”

“जागेवरच आहे,” मी म्हणाले. काटा तुकड्यांशेजारी होता. त्याने टोल्याची बाजू काही भक्कम झाली नाही.

मोठ्या बाईंनी हात वर केला. “तुम्ही विचारा सगळ्यांना,” त्या मला म्हणाल्या. “शिवणारीलाच उसवलेलं कळणार. आणि तुमचा भाऊ यात नाही. मी तीनपासून इथे बसलेय. तो पाऊण तास गात होता, मी स्वतः ऐकलं.” मग म्हणाल्या, “बरा गातो. थोरल्याची सर नाही, पण बरा गातो.”

भाऊ दाराशी उभा होता. त्याने मान खाली घातली.

तळघर कसं आहे ते सांगते, म्हणजे आम्ही किती कोंडलो होतो ते कळेल. जिना उतरला की एक लांबट बोळ. डावीकडे नुसती भिंत. उजवीकडे आधी तालमीची खोली, मग भावाची छोटी खोली, मग माझी कपड्यांची. तिन्ही खोल्यांना मागे एकेक दार, आणि ती दारं मागच्या एका अंधाऱ्या गल्लीत उघडतात, जिला बाहेर वाट नाही. तिथे जुने स्पीकर रचलेत, अंग चोरून जावं लागतं. बोळाच्या टोकाला थोरल्यांच्या काळचा फ्रीज. दार लागत नाही म्हणून दोरीने बांधलेला, आणि दिवसभर एकाच सुरात घुमणारा. पूर्वी तालमीच्या वेळी तो बंद करावा लागे, नाही तर शेवटच्या गाण्यातल्या लांब सुराशी भांडायचा. अलीकडे काही महिने बंद करावा लागत नाही.

माझ्या खोलीतला प्लग पॉइंट जळालाय, म्हणून तीन ते पावणेचार मी फ्रीजशेजारी इस्त्री करत उभी होते. तोंडात टाचण्या, डावी दाढ ठणकत होती. माझ्या खोलीत समोरून कोणी गेलं नाही. म्हणजे जो गेला तो मागच्या गल्लीतून गेला. भावाच्या बंद दाराआडून त्याचं गाणं चालू होतं, नेहमीसारखं, वाद्यांशिवाय, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. सही किंवा कार्यक्रम असला की तो असाच गळा तापवतो. शेवटच्या गाण्यातला तो खोकलासुद्धा आला. थोरले रेकॉर्डवर एकदा खोकले होते, म्हणून आम्हीही खोकतो.

राहता राहिले तिघे. टोला, भावजय आणि गिटारवाला.

“टोल्या, चल,” मी म्हणाले. “तुझ्यापासून सुरुवात.”

“का? मिशी आहे म्हणून?”

३

ती ढोलांच्या मागे जाऊन बसली. तिला तिथेच बरं वाटतं.

“मावशी, मी चिंध्या म्हटलं होतं. चिंध्या! आणि तिथे तर घडी घातलीय. मी माझ्या अंथरुणाची घडी घालत नाही.”

“मग म्हणालीस का तसं?”

“कंटाळा आलाय म्हणून. दुसऱ्या गाण्यात, तिसऱ्या कडव्याला त्यांचा ड्रमर दारू पिऊन ठेका चुकला होता. तो चुकला ते रेकॉर्डवर आलं. आता मी शुद्धीत राहून रोज बरोब्बर तिथेच चुकते! कोणासाठी, सांगा ना? गाणं त्यांचं असू दे. पण तोंड तरी आपलं नको का?”

“पावणेचारपर्यंत कुठे होतीस?”

“इथेच. मधे एकदा मागच्या गल्लीतून मोरीवर गेले. कोण दिसलं नाही.” तिने काड्या मांडीवर आडव्या ठेवल्या. आवाज उतरला. “मावशी, बाई ड्रमर कोण ठेवतं हो? इथेसुद्धा मिशी लावून ठेवलंय. हे गेलं तर मी संपले. म्हणजे कोट मी फाडणार नाही, एवढं तरी डोकं आहे मला.”

गिटारवाल्याला सगळे तंतोतंत म्हणतात. माणूस पन्नाशीचा, चष्मा दोरीने गळ्यात. थोरल्यांच्या गिटारवाल्याची एक तार जुनी होती, म्हणून हाही एक तार मुद्दाम जुनी ठेवतो.

“चूक हीसुद्धा रचना आहे,” तो म्हणाला. “आज ठेका सुधारा, उद्या खोकला काढा, परवा शब्द बदला. मग थोरले कुठे राहिले? त्यांना भेटायला आलेल्या लोकांना तुम्ही शेजाऱ्याच्या घरी नेऊन बसवणार का?”

“कोट कोणी उसवला असेल?”

“मी नाही. मी त्या कोटाला हात लावायच्या आधी साबण लावतो.” हे खरं होतं. पण तो माझ्याकडे बघत नव्हता.

“तुम्ही काही तरी लपवताय.”

त्याने दार लोटलं. “ताई, तुम्हाला माहितीच आहे. आठ महिन्यांपासून सगळी गाणी आपण अर्धा सूर खाली वाजवतो. धाकट्याचा गळा आता वर जात नाही. माझ्या हातून हे पाप झालंय, मीच तारा उतरवल्या. कोटाचं काय व्हायचं ते होवो, पण हे बाईंना कळता कामा नये. अट मोडली म्हणून त्या उभ्या उभ्या कागद फाडतील.”

मला माहीत होतं. आम्हा पाचही जणांना माहीत होतं. मखमल पोटावर घट्ट होते तशी गाणीही होतात. मी म्हटलं, थोडी सैल केली तर काय बिघडलं.

भावजय तिच्या फायलींशेजारी उभी होती. नखं कुरतडत होती, आणि ती नखं कुरतडणारी बाई नाही.

“लोक डोळ्यांनी ऐकतात, वन्सं. पडदा वर गेला, कोट दिसला, मान तिरकी झाली की अर्धे लोक तिथेच रडतात. गाणं नंतर सुरू होतं. मी का फाडीन कोट? मीच त्याचं ताट मोजते, तो कोटात मावावा म्हणून. गालात कापूस मीच भरते.” तिने फाईल पुढे सरकवली. “झोपेतसुद्धा मान तिरकी करतो तो. कधी कधी मध्येच जाग येते आणि आठवावं लागतं, आपण लग्न नक्की कोणाशी केलं होतं.”

“त्याला विचारलंस कधी? त्याला काय वाटतं?”

“विचारून?” ती म्हणाली. “चार जण त्याच्या खांद्यावर उभे आहोत. त्याने ‘नको’ म्हटलं असतं तर मी काय केलं असतं?”

साडेचार वाजले. मोठ्या बाईंनी बोळातून हाक मारली, “झालं का विचारून?”

नव्हतं झालं. मी अजून कोटाला विचारलंच नव्हतं.

४

मोठ्या बाईंनी तुकडे मांडीवर घेतले होते. एक बाही मागितली तर आधी देईनात. मग दिली.

मी ती दिव्याखाली धरली. मखमलीला एक ओरखडा नव्हता. ज्याला कोट संपवायचा असतो तो कात्री घेतो. इथे प्रत्येक चौथा टाका एका बाजूने तोडला होता आणि मग दुसऱ्या बाजूने धागा ओढून काढला होता, सलग, अख्खा. असं केलं की कापडाला कळतसुद्धा नाही.

हे पुष्कळ शिंप्यांना येतं. पण या तळघरात शिंपी मी एकटी.

मी खोलीत परत आले आणि बशीतली बटणं तळहातावर ओतून घेतली. खाली निळ्या धाग्याच्या गुंडाळ्या होत्या. चार. प्रत्येक धागा दोन बोटांवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा गुंडाळलेला आणि मधे कंबरेला त्याच धाग्याचा वेढा देऊन बांधलेला.

मी स्टुलावर बसले.

आमच्या घरी धागा फेकत नसत. आई लोकांचे जुने कपडे उलटवून द्यायची. मी शिवायला बसायचे आणि भाऊ उसवायला. सात वर्षांचा होता. चौथा टाका तोड, पलीकडून ओढ, दोन बोटांवर आठ कर, कंबर बांध. आई म्हणायची, याचे आठ बघा, जणू मुंगळे. शेजारणी बघायला यायच्या. त्याला भारी अभिमान. गाणंबिणं पुढची गोष्ट. त्याने आधी नाव कमावलं ते या आठांवर.

आई गेली. असे मुंगळे करणारी माणसं जगात दोनच उरली. एक मी. आणि दुसऱ्याला मी स्वतःच्या कानांनी पाऊण तास गाताना ऐकलं होतं.

५

भाऊ आरशासमोर बसला होता. विग, गालात कापूस, डोळ्यांत काजळ. कोटाच्या जागी नुसती बंडी. समोर आणि आरशात, असा तो मला दोनदा दिसला आणि दोन्ही वेळा थोरलेच दिसले.

“बाळ,” मी म्हणाले. फार दिवसांनी म्हटलं असेल.

“ताई, टोल्याला जाऊ देणार का त्या?”

“तुला काय वाटतं? जाऊ द्यावं?”

मी मूठ उघडली. तळहातावर चार मुंगळे.

त्याने बघितले. हात पुढे आला, अर्ध्यात थांबला, मागे गेला. मग आरशाकडे बघत, थोरल्यांच्या त्या मऊ आवाजात म्हणाला, “मी तर गात होतो ना ताई. तू ऐकलंस. सगळ्यांनी ऐकलं.”

अठरा वर्षांत तो माझ्याशी त्या आवाजात कधी बोलला नव्हता. घरी आला की ‘ताई, भूक लागलीय’ हे त्याच्या स्वतःच्या, जरा फाटक्या आवाजात म्हणायचा. मी उठले. बोळात आले. फ्रीजला टेकून उभी राहिले, कारण दुसरं टेकायला काही नव्हतं.

जिन्यापाशी मोठ्या बाई उठल्या होत्या. “पुरे झालं. ए मुली, तुझ्या काड्या आवर. या बँडमध्ये तू आज शेवटची. ती गेली तर मी सहीचा विचार करीन. मान्य?”

गिटारवाला चष्मा पुसत होता. भावजयीने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. टोला काड्या पिशवीत घालत होती आणि तिची मिशी एका बाजूने सुटत चालली होती, कारण ती रडत होती.

पाठीमागे फ्रीज घुमत होता. माझी दाढ ठणकत नव्हती.

मी गाल चाचपला. इस्त्री करताना तर कळा मस्तकात जात होत्या. शेवटच्या गाण्याला, त्या लांब सुराला तर मी दात आवळले होते. आणि आता, त्याच जागी, त्याच फ्रीजशेजारी, काही नाही. दाढ मुळात दुखतच नसली तर? दुखत दुसरंच काही असलं तर? दोन सूर एकमेकांवर घासले की माझ्या दातांत कळ जाते. पूर्वी म्हणूनच तर फ्रीज बंद करायचो!

आणि अलीकडे बंद करावा लागत नाही.

मला सगळं कळलं. आणि हेही कळलं, की ते सिद्ध करायचं तर मला भर बोळात, मोठ्या बाईंसमोर, अर्ध्या सुराचं गुपित फोडावं लागेल. टोला सुटणार, भाऊ अडकणार आणि कागदही फाटणार. पाचला दहा कमी होते.

“थांबा,” मी म्हणाले.

६

“बाळ, बाहेर ये. इथे, फ्रीजपाशी. शेवटच्या गाण्यातला लांब सूर लाव.”

“ताई, कशाला?” तो दारात उभा. गिटारवाल्याचा चेहरा पांढरा पडला. “ताई, नका,” तो पुटपुटला.

“मघाशी लावलास तसा लाव. मी ऐकला ना. सगळ्यांनी ऐकला.”

भावाने माझ्याकडे बघितलं. मला वाटतं त्याला तेव्हाच कळलं. तरी त्याने एक प्रयत्न केला. मान तिरकी केली, श्वास घेतला आणि सूर मुळाच्या जागी लावायला गेला. आवाज वर चढला, थरथरला आणि जिन्यावरून पाय घसरावा तसा खाली आला. अर्धा सूर खाली. तिथे मात्र तो ठाम उभा राहिला आणि फ्रीज त्याच्याखाली तंबोऱ्यासारखा घुमला. दाढेला काही झालं नाही.

“मघाशी हा सूर या फ्रीजशी भांडत होता,” मी म्हणाले. “माझ्या दातांना विचारा. मघाशी दाराआडून जो गात होता तो मुळाच्या सुरात गात होता. आणि माझ्या भावाला तो सूर आठ महिने लागत नाही. मोठ्या बाई, तुम्ही अभ्यासाला दिली होतीत ना, थोरल्यांच्या नुसत्या गळ्याची टेप? तिच्यात वाद्य नाही. बंद दाराआडून ती लावली तर आम्हाला काय कळणार? अठरा वर्षं आम्ही त्याला तेच तर शिकवलं, की कळता कामा नये. टेप गात होती आणि हा मागच्या गल्लीतून माझ्या खोलीत बसून आईने शिकवलं तसं उसवत होता.” मी मूठ उघडली. “हे आठ याचे आहेत. हात मोकळे राहिले की आपोआप होतात. दुसऱ्या कोणी केलं असतं तर धागा जमिनीवर पडला असता.”

टोल्याने काड्यांची पिशवी खाली टाकली. “धाकट्या,” ती म्हणाली, “तू? अरे, मला सांगायचं! मी कात्री आणली असती!”

भाऊ फ्रीजशेजारी भिंतीला टेकून खाली बसला. विग काढला. खालचं डोकं घामाने चकाकत होतं. मग गालातला कापूस काढला, एक बोळा, दुसरा बोळा, आणि स्वतःच्या आवाजात बोलला.

“सही झाली असती ना, तर छप्पन्नचा होईपर्यंत मी एकोणचाळीसचा राहिलो असतो. सांगायला तोंड नव्हतं. तुम्ही सगळे माझ्यावर. म्हटलं, कोट नसला की बाईच नको म्हणतील, कोणाचा दोष नाही. फाडायलाच घेतला होता. पण मखमल हातात आली आणि हात धजेना. म्हणून उसवला. टोल्यावर जाईल असं खरंच वाटलं नव्हतं. गेलं तेव्हा तोंडच उघडेना.” त्याने टोल्याकडे बघितलं. “चुकलो गं.”

भावजय त्याच्या डोक्याकडे बघत होती. चारचौघांत, दिव्याच्या उजेडात ते तिने कधी पाहिलं नव्हतं.

मोठ्या बाईंनी मात्र यातलं काही ऐकलं होतं की नाही, कोण जाणे. त्या टेपपाशीच अडकल्या होत्या.

“म्हणजे मघाशी,” त्या हळू म्हणाल्या, “तो होता?”

त्यांनी भावाच्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

“माझा भाऊ गात होता. पाऊण तास. पंधरा पावलांवर. आणि मी इथे बसून म्हटलं, थोरल्याची सर नाही.”

त्या हसल्या. मग हसणं बिघडलं. तुकड्यांचा गठ्ठा मांडीवरून घसरला, बाही जमिनीवर पडली, ती कोणी उचलली नाही. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्या पण कोणाच्या तरी ताईच होत्या.

“बावीस वर्षं मी त्याला शोधत इथे येते,” त्या म्हणाल्या. “हुबेहूब पाहिजे, हुबेहूब पाहिजे. आणि हुबेहूब आलं तर ओळखलं नाही.”

पाच वाजले. त्यांनी डोळे पुसले, पिशवीतून कागद काढला आणि माझ्या भावाला म्हणाल्या, “ऊठ. मघाचं अर्धवट राहिलं. पूर्ण गा. तुझ्या सुरात.”

भाऊ उठला. बंडीवर, टक्कल उघडं, काजळ गालावर ओघळलेलं. गिटारवाल्याने एवढी वर्षं मुळाबरहुकूम वाजवलं होतं, पण त्या वेळी त्याला सूर कुठून द्यायचा सुचेना, फ्रीजनेच दिला. भाऊ गायला. खोकल्याची जागा आली आणि गेली. लांब सूर आला. खालचा, जरा खरबरीत, पाय रोवून उभा.

मोठ्या बाई मान वर करून त्याच्याकडे बघत होत्या. डोळे मिटून ऐकतील असं मला वाटलं होतं.

“तो रोज हा फ्रीज बंद करायचा,” त्या म्हणाल्या. “दूध नासायचं, मी शिव्या घालायचे. म्हणायचा, म्हातारा होईन तेव्हा याच्याशी जमवून घेईन.” मग त्याच्या डोक्याकडे बघत, “आमच्या वडिलांना टक्कल होतं. त्यालाही पडलंच असतं.”

त्यांनी पेन काढलं. ‘रूप आणि आवाज मुळाबरहुकूम’ या ओळीवर एक रेघ मारली, वाकडी, आणि खाली सही केली. भावजयीने कागद दोन्ही हातांनी घेतला.

“कोट जोडून देऊ?” मी विचारलं. “तासाभरात होईल. खूण राहणार नाही.”

“नको. तुकडेच बांधून द्या.” मग माझ्या मुठीकडे बघून म्हणाल्या, “ते आठ मात्र तुम्ही ठेवा.”

किल्ली त्यांनी भावाच्या हातात दिली. तो जिना चढला, शटर वर केलं, आणि तासाभराने उजेड पायऱ्यांवरून खाली आला. आम्ही त्याच्यामागे वर गेलो. टोल्याने मिशी उपटून शटरच्या दांडीला चिकटवली.

समोरचा दुकानदार अठरा वर्षं माझ्या भावाला रोज हात करतो. आज त्याने चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, “कोण पाहिजे, काका?”

माझा भाऊ फुटपाथवर उभा राहून हसला. लहानपणी मुंगळे दाखवताना हसायचा तसा. काही उत्तर न देता तसाच उभा राहिला, उन्हात, उघड्या डोक्याने.

मान मात्र अजून तिरकीच होती.